प्रयागबाईचा उखाणा

शेळगावात लग्न निघालं की आधी एकच चौकशी व्हायची, प्रयागबाईला बोलावणं गेलं का? तिचा उखाणा म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हतं. घरातली उतरंड, गोठ्यातली गाय, मळ्यातली वांगी, सगळं एका दमात घेत ती शेवटी 'गेणबारावांचं नाव घेते' वर यायची, अन् मांडव दणाणायचा. गेणबा कोपऱ्यात मिशीतल्या मिशीत हसायचा.

पंचावन्न साली ती साखर कारखान्यात भुशावर रोजानं लागली. गाळून उरलेल्या उसाचा हा कोरडा, बुरसटलेला भुसा पाट्या भरभरून बॉयलरकडं न्यायचा. धूळ अशी की संध्याकाळी सख्ख्या बहिणीनं ओळखू नये. दोन हंगामांत खोकला जडला, अन् घात झाला! उखाणा ऐन नावाशी येऊन तुटायला लागला. बाई तोंडाला पदर लावून खाली बसायची.

बायकांना काय, विषयच मिळाला. ''नवरा-बायकोचं बिनसलंय. नाव घ्यायाबी जड जातंय बघा,'' शेजारच्या सरुबाईनं हे थेट गेणबाच्या कानावर घातलं. तर हा शहाणा चार दिवस भिंतीकडं तोंड करून जेवला!

''अवो, छातीत दमच उरत न्हाय,'' प्रयागबाई रडकुंडीला आली. ''तुमचं नाव शेवटाला येतं, त्यात माझा काय गुन्हा?''

गेणबा मनातून खजील झाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं गाडी जुंपली आणि तिला बारामतीला डॉक्टरकडं नेलं.

''क्षय नाही,'' डॉक्टर म्हणाले. ''भुशाची धूळ छातीला बाधलीय. ते काम सोडा. बरं वाटेल, पण पहिल्यासारखा दम येईलच असं नाही.''

काम सुटलं. प्रयागबाई घरच्या मळ्यात वांगी तोडू लागली, खोकला उतरला, अंग धरलं. पण वैशाखात लेकीचं, कौसल्याचं लग्न होतं. व्याह्यांपुढं भर मांडवात धन्याचं नाव पुन्हा राहिलं तर? हीच धास्ती तिनं घेतली.

अक्षता पडल्या आणि बायकांनी तिला घेरलं. ''घ्या प्रयागाक्का!'' सरुबाई तर कान टवकारूनच बसली होती. प्रयागबाईनं छातीभर श्वास घेतला. तो कुठवर पुरेल ते तिला तिथंच कळलं. मग तिनं पुरुषांच्या घोळक्याकडं सरळ बघितलं अन् खणखणीत आवाज दिला, ''गेणबा!''

नुसतं नाव! ना राव, ना काही. व्याही आ वासून बघत राहिले. गेणबाच्या हातातलं पान खाली पडलं, कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

''नाव आधी घेतलं,'' प्रयागबाई म्हणाली. ''आता गाय-वांगी दम पुरंल तितकी!''