न्यूझाबाईंचा रविवार

आमच्या शेजारच्या न्यूझाबाई चेहऱ्यानं पक्क्या जपानी, पण जन्म ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरातला. आजोबा इथून, जपानातून, बोटीनं तिकडे कॉफीच्या मळ्यावर गेले, आणि ह्या पन्नाशीत उलट्या इकडे आल्या, जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात. तिकडे ह्यांना जपानीण म्हणायचे, इकडे परदेशी म्हणतात. मी सरळ परदेशी. माझं तेवढं सोपं.

मी चार बुकं शिकलेली. शैलेंद्रची, माझ्या मुलाची, बँकेनं बदली केली म्हणून जपानात, ह्या एदोगावात येऊन पडले. न्यूझाबाईंशी बोलणं हातवाऱ्यांनी, नाहीतर सून चारुता असली तर तिच्या जपानीतून.

अकरा सालच्या भूकंपानंतर त्यांच्या ओळखीचे ब्राझीलवाले भराभर परतले. मुलगा एडसन फोनवर ओरडला, "आई, आत्ताच्या आत्ता निघ." ह्या म्हणाल्या, "कारखाना चालू आहे, थांब जरा." तेव्हापासून त्यानं ह्यांचा फोन घेतलेला नाही. दोन वर्षं झाली.

एडसन तिकडे टॅक्सी चालवतो. गाडीत दिवसभर रेडिओ, स्टेशन एकच, जुन्या सांबा गाण्यांचं. रविवारी सकाळी आठ ते नऊ तिथं लोकांचे निरोप वाचतात, गाणं लावतात, आणि ज्याला निरोप असेल तो वाटलं तर फोन करून सगळ्या शहरादेखत बोलतो. ह्या ऑक्टोबरात एडसनचा वाढदिवस रविवारी आला. न्यूझाबाईंनी निरोप पाठवला आणि आम्हा दोघींना संध्याकाळी बोलावलं. तो बोलतो का, एवढंच ऐकायचं होतं.

"सगळ्यांदेखत आईला टाळेल होय?" मी म्हटलं.

"तुम्ही एडसनला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. पण ओठांना लाली लावली होती. मी डोळे मिचकावले तर मला चापट मिळाली.

चीजचे गरम गोळे खात आम्ही वाट बघितली. आठ वाजता त्यांनी कॉम्प्युटरवर स्टेशन लावलं. निवेदक कार्यक्रम संपल्याचं सांगत होता. मग बातम्या.

त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. तिकडचे नि इकडचे काटे सारखेच, फक्त इथं रात्र तर तिथं सकाळ, म्हणून त्या कधी हिशेबच करत नसत. पण तिकडे उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करतात, आणि ती नेमकी त्याच दिवशी केली होती. आम्ही गोळे खात होतो तेव्हा कार्यक्रम चालला होता.

"अख्खा देशच सरकला की!" मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

"न्यूझा-सान, स्टेशनला विचारू या?" चारुता म्हणाली.

"नको. त्याचा फोन नाही आला म्हणाले तर?"

"आणि आला असेल तर?" मी विचारलं.

"तर त्याच्याकडे माझा नंबर आहे."

फोन टेबलावरच होता. आम्ही तिघींनी त्याच्याकडे न बघता उरलेले गोळे संपवले.

मग न्यूझाबाई खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी घड्याळ तासभर पुढे केलं.

"अहो, आता तुमच्या इथल्या वेळा चुकतील," चारुता म्हणाली.

"चुकू देत. इथं माझी वाट कोण बघतंय?"

हे मला मराठीत सांगताना चारुतानं मान खाली घातली. खुर्ची धरून मीच उभी होते.