गरम पाण्यात हात

मोठ्यांचं ऐकावं असं सांगणारी माणसं बहुतेक मोठीच असतात, हे माझ्या फार लवकर लक्षात आलं होतं. त्यामुळे विशीत मी कुणाचंच ऐकत नसे. पुढे ऐकायला लागलो तो इतका, की त्याचीही शिक्षा भोगली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात, एकाच माणसामुळे घडल्या.

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं. आम्ही लिंबायतला, गुजरातेतल्या मराठी कामगारांच्या वस्तीत राहायचो. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते आणि वर्षानुवर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. त्यामुळे आमच्या घरात मिठाचा डबासुद्धा ओरडून मागायची पद्धत होती. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा वडिलांनी एकच गोष्ट सांगितली: काहीही कर, पण लूमवर पाय ठेवू नकोस. मग आईने तिच्या माहेरच्या गावचे एक गृहस्थ शोधून काढले. ते पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये रंगमास्तर होते. आईच्या गावचे म्हणजे माझे मामाच. त्यांनी मला हाताखाली घेतलं. सहा महिन्यांनी ते मॅनेजरला सांगणार होते, पोरगा मास्तर होण्यासारखा आहे की नाही. नाही म्हणाले, तर लूम होताच.

मामा चौथी शिकलेले. मला बेन्झीनचं कडं डोळे मिटून काढता यायचं. अशा माणसाकडून मी काय शिकणार, असं मला वाटायचं आणि ते माझ्या तोंडावर दिसतही असणार.

व्यापारी कापडाचा छोटा तुकडा पाठवायचा, नमुना म्हणून. त्याच रंगात आम्ही अख्खा माल रंगवायचा. रंग जुळला की नाही हे बघण्याची मामांची रीत ठरलेली होती. मालातला तुकडा कापायचा, इस्त्रीने वाळवायचा, दाराबाहेर उजेडात न्यायचा, नमुन्याला लावून बघायचा आणि मगच तोंड उघडायचं.

"वलं कापड खोटं बोलस," ते म्हणायचे. "वायनं म्हंजे मंग खरं सांगस."

मला हे खूळ वाटायचं. एकदा श्रावणात आभाळ भरून आलं होतं, मामा जेवायला गेले होते आणि मशीनवाला घाई करत होता. मी ओलाच तुकडा ट्यूबलाइटखाली धरला, जुळला म्हणालो आणि माल पास केला. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिलं, तर व्यापाऱ्याच्या मोरपंखी नमुन्याशेजारी आमचं कापड शेवाळासारखं हिरवं दिसत होतं. मॅनेजर तुकडा नाचवत आला आणि गुजरातीत ओरडला, "आ कोणे पास कर्युं?"

"मी," मामा म्हणाले.

बिघडलेल्या मालाला आमच्या धंद्यात एकच औषध, काळा रंग. तो सगळा मोरपंखी माल मामांनी माझ्यादेखत काळा करून घेतला. मला इतकी शरम वाटली, की मी त्याच दिवशी ठरवलं, यापुढे मामा सांगतील ती पूर्व दिशा.

आणि मी खरंच ऐकायला लागलो. मामा म्हणाले, गूळ खाल्ला की श्वासातून छातीत गेलेला रंग उतरतो. मी रोज गूळ खाल्ला. मामा म्हणाले, सोमवारी काळ्याची सुरुवात करायची नाही. बी.एस्सी. झालेला मी सोमवारी काळ्याच्या डब्याला हात लावत नसे. आई म्हणायची, पोरगा सुधारला. वडिलांना ते दोनदा ओरडून सांगावं लागलं, पण तेही खूश झाले.

राहिली गोष्ट हाताची. रंगवलेलं कापड गरम पाण्याच्या उघड्या टाकीत धुवावं लागे. टाकीला तापमान दाखवणारा काटा होता आणि मिलने रबरी हातमोजेही दिले होते. मामा काट्याकडे ढुंकून बघत नसत. मोजे तर खुंटीवरच वाळून चिरले होते. ते सरळ हात घालायचे, सावकाश कापडाचं टोक शोधायचे, बाहेर काढायचे आणि हातानेच पाण्याचा अंदाज घेतल्यासारखे सांगायचे की धुलाई आणखी पाच मिनिटं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हलत नसे.

मी पहिल्यांदा हात घातला आणि लगेच बाहेर ओढला. मामा हसले. "जेना हात मांगे येस तो मास्तर व्हत नही."

मग मी हात मागे न घेण्याचा सराव केला. आधी दोन आकडे मोजेपर्यंत, मग चार, मग सहा. भाजायचं. घरी गेल्यावर बोटं लाल दिसायची, भाकरी मोडताना चुरचुरायची. मी मनाशी म्हणायचो, आपली कातडी अजून कच्ची आहे, मामांना कसं काही होत नाही! रंगाच्या वेळीही मला माझंच खरं वाटलं होतं आणि तोंडावर पडलो होतो. आता पुन्हा तीच चूक करायची नव्हती. सहा महिने भरायला थोडेच दिवस उरले होते.

त्या दिवशी बॉयलरची वाफ जास्त आली होती. काटा रोजच्या खुणेच्या बराच पुढे गेलेला मी पाहिला. मामांनाही म्हटलं, "मामा, काटा पुढे आहे."

"काटाले काय कळस? हात घाल."

मी हात घातला. मनगटापर्यंत. कापडाचं टोक सापडेना. दहापर्यंत मोजलं, तरी मी हात काढला नाही. काढला तेव्हा बोटांवरची कातडी सैल झाली होती.

दवाखान्यात मामा माझ्याबरोबर आले. कंपाउंडर पट्टी बांधत होता, मामा बाकावर बसून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होते. कंपाउंडर आत गेल्यावर ते हळूच बोलले.

"माले लागतच नही, भाचा. चार वरीस व्हयनात. बोटं मरी गयात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि असा संताप आला की पट्टीतला हात त्यांच्यावर उगारावासा वाटला. चार वर्षं हा माणूस काहीही न कळणारे हात पाण्यात घालत होता आणि सवयीने मिनिटं सांगत होता.

"सांगितलं का नाही?" मी ओरडलोच.

"सांगतू तर माले कोन ठेवतं?" ते म्हणाले. मग त्यांनी माझं मनगट धरलं, जपून, पट्टीच्या वर.

"पन तुले तर लागत व्हतं ना? मंग मन्हं आयकं कसाले?"

लागत होतं. पहिल्या दिवसापासून लागत होतं.