बेटावरचा कावळा

चालता चालता ते उजवा तळहात वर करायचे आणि जागच्या जागी थांबायचे. "हालू नका. त्यो बघतोय."

त्यो म्हणजे पक्षी. आपण पक्ष्याला बघत नसतो, पक्षीच आपल्याला बघत असतो, असं त्यांचं म्हणणं. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि हे भर रस्त्यात हात वर करून उभे. तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेल.

सावेडीत आमच्या शेजारीच ते राहायचे. जन्मभर गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी केली, म्हणून सगळे डॉक्टर म्हणायचे. मी म्हणत नसे. जे नाही ते कशाला म्हणायचं? मी भाऊ म्हणायचे, ते मला आक्का.

लोकांना वाटायचं, बायको गेल्यावर म्हाताऱ्याला छंद लागला. छंद कसला! तिच्या दहाव्याला कोपरगावला गोदावरीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवला नव्हता. मी तिथं होते. भाऊंनी हात जोडून सगळं कबूल केलं. तंबाखू सोडतो, पोराला बोलणार नाही, तुझ्या भावाशी भांडण मिटवतो. कावळे झाडावरून हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी आल्यावर त्यांना आठवलं. तिला समुद्र बघायचा होता, तोही चारी बाजूंनी. टँकरमागं हंडा घेऊन पळण्यात उमर गेलेली बाई ती. दरवर्षी म्हणायची आणि हे म्हणायचे, "पुढल्या साली जाऊ."

तेव्हापासून दुर्बीण गळ्यात आली. आधी कावळे, मग सगळीच पाखरं.

कॉलनीतल्या म्हाताऱ्यांची अंदमानची सहल निघाली, तेव्हा पहिलं नाव त्यांचं. माझं नाव मुलानं मला न विचारता घातलं.

तिथलं जंगल थेट समुद्रात पाय सोडून बसलेलं. झाडं एवढी उंच की वर बघताना डोक्यावरचा पदर पडायचा. हिरवी कबुतरं, पोपटांचे थवे, चिखलात उड्या मारणारे मासे. भाऊ सगळ्यांना सगळं दाखवायचे, पण त्यांचे डोळे भलतंच शोधत होते. वाळूत मी एक शंख उचलला.

"ठेवा आक्का. कुणाचं तरी घर हाय ते."

शंखातून पाय निघाले, खेकड्याचे. मी ओरडून टाकून दिला. भाऊ हसले. अख्ख्या सहलीत तेवढंच.

शेवटच्या सकाळी लहान बेटावर गेलो. खरंच चारी बाजूंनी पाणी. बाकीचे फोटो काढत होते. भाऊंनी पिशवीतून भाताचा डबा काढला, पानावर मूद ठेवली, वर दही घातलं. झाडावर एक कावळा होता. आपल्याकडच्यापेक्षा काळाभोर, जाड चोचीचा. भाऊ हात जोडून उभे राहिले. कावळा जागेवरच.

"माझ्यावर राग हाय तिचा," भाऊ म्हणाले. "मी असलो की यायची न्हाई. आक्का, तुमी थांबा हितं. मी झाडामागं जातो."

मी थांबले. कावळा आला नाही. वाळूतून शंख चालत आले. एक, मग चार, मग किती तरी. पान भरून गेलं. बघता बघता भात संपला. तिकडून बोटवाला ओरडायला लागला.

"शिवला का, आक्का?" झाडामागून भाऊंनी विचारलं.

मी तोंडावर बोलणारी बाई. सुनेला बोलते, पुजाऱ्यालाही बोलते.

"शिवला," मी म्हणाले.

ते पँटसकट गुडघाभर समुद्रात गेले आणि तोंड धुतलं. मी दुसरीकडे बघितलं.

परत आल्यावर त्यांनी दुर्बीण मला आणून दिली. "मला आता काय बघायचं ऱ्हायलं न्हाई." त्यांचा हात पुन्हा वर झाला नाही. फिरायला जाणं बंद झालं, मग फाटकापर्यंत येणंही. दारात भारद्वाज ओरडला तरी मान वळायची नाही. मी एकदा म्हटलं, "चला की जरा." म्हणाले, "कशाला?" दिवाळीनंतर गेले.

त्यांच्या दहाव्याला पुन्हा तोच घाट. त्यांच्या मुलानं सगळं कबूल केलं. झाडावर एकच कावळा. न राहवून मी पुढं झाले आणि पिंडाजवळ वाकून हळूच म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी कावळा नव्हता. खेकड्यांनी खाल्लं."

कावळ्यानं मान तिरकी केली. माझ्याकडेच बघत राहिला. आला नाही. भटजींनी दर्भ काढला.

आता रोज सकाळी मी गच्चीवर भात ठेवते. चिमण्या येतात, साळुंख्या येतात. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसतो, तो काही येत नाही. दुर्बीण लावली की कळतं, त्याचं भाताकडे लक्षच नाही.

मी हलत नाही.