सांगलीतला पास्ता

राजेश्वरी मूळची वडूजची, सांगलीत एका खासगी दवाखान्यात नर्स. नवरा शिवतेज फौजेत. त्याची सुट्टी लागली की तिची रजा निघत नसे. लग्न होऊन वर्षं झाली, तरी दोघंच कुठं बाहेर जेवायला बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

म्हणून या खेपेला परत निघायच्या आदल्या दिवशी तो गावाकडून मोटरसायकलवर थेट सांगलीला आला. तिची रात्रपाळी सकाळीच संपायची, पण बदलीची बाई न आल्यानं तिला दुपारपर्यंत थांबावं लागलं होतं.

"पास्ता खायला जाऊया," तो म्हणाला. "युनिटमधली पोरं लय सांगत्यात."

तिला नुसतं खोलीवर जाऊन पडायचं होतं. पण त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. ती मागं बसली.

हॉटेलात पास्ता यायला फार वेळ लागला. आला तो वरून कोमट, आतून गार. पांढरा सॉस खळीसारखा चिकटलेला, मीठ नावाला.

"कसा हाय?"

"बरा हाय."

"खोटं बोलू नगं. कच्चा हाय."

त्यानं वेटरला बोलावलं. "सर, तो असाच असतो," वेटर म्हणाला. खरा कसा असतो ते शिवतेजला तरी कुठं माहीत होतं? तो मीठ आणायला काउंटरवर गेला. परतला तेव्हा राजेश्वरी भिंतीला डोकं टेकून झोपली होती.

त्यानं उठवलं नाही. आपली प्लेट संपवली, मग तिचीही. टेबल सोडायला लागू नये म्हणून कॉफी मागवली. नवीन पोस्टिंगचं समोरासमोर सांगायचं, म्हणून तर तो एवढ्या लांब आला होता.

ती जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं.

"आवं, उठवलं का न्हाई? एकच दिस हुता आपला."

"दमली हुतीस."

तिला रडू येईलसं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

तिची खोली माधवनगरला. निघाल्यावर थोड्या वेळानं तो पुढं बघतच म्हणाला, "पोस्टिंग आलीया. लांब हाय, पार सरहद्दीवर. फॅमिली न्यायला मिळत न्हाई."

खोली आली. राजेश्वरीनं उतरून ओढणी सारखी केली.

"बरं," ती म्हणाली. "मला रातीला परत ड्यूटीला जायचंय. तवर आत येऊन पडा जरा."