कोंडीबाचं चूलबंद आवतण

आमच्या गावच्या कोंडीबा कोतवालाकडं दोन कामं होती, सरकारची दवंडी आणि गावजेवणाचं आवतण. दवंडीवर कुणी विश्वास ठेवत नसे आणि आवतणावर कुणी शंका घेत नसे. कोंडीबानं दारात येऊन ‘चूलबंद’ म्हटलं की त्या घरात चूल पेटायची नाही. लेकराबाळांसकट, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांनी जेवायला जायचं. आजवर त्याचं एकही आवतण खोटं ठरलं नव्हतं आणि त्याचा त्याला भलता ताठा होता.

दवंडीची अब्रू मात्र पावसानं घालवली. नव्वद सालाच्या पुढं पावसाचं डोकंच फिरलं. महिनाभर फिरकायचा नाही आणि आला की एका दुपारी सगळा महिना ओतायचा. मग तालुक्याहून निरोप यायचा की ओढ्याकाठच्यांनी वर सरकावं. इशारा अख्ख्या जिल्ह्याला, पाऊस पुसेगावला, आणि आम्ही शाळेत गोधड्या घेऊन कोरडे ठणठणीत. पुढं पुढं लोक कोंडीबालाच विचारायचे, तुझं डफडं वाजलं म्हणजे वाळवण घालू का?

दोन हजार सहाच्या भादव्यात दुकानातल्या फोनवर कोंडीबाच्या मेव्हण्याचा निरोप आला. वरच्या पाझर तलावाचा बांध खचत होता, दुपार काढेल असं वाटत नव्हतं. कोंडीबानं डफडं घेऊन काठ पालथा घातला. कुणी उंबऱ्यावरून उठलं नाही. काठावरची सगळ्यात म्हातारी अनुसयाबाई तर निवांत सुपारी कातरत बसली.

कोंडीबानं घरी जाऊन डफडं टाकलं, धुतलेला पटका बांधला आणि परत दारोदार फिरला. सरपंच अमृतरावांच्या पोराला नोकरी लागली, टेकडीवरच्या मारुतीपाशी बुंदीचं जेवण, चूलबंद, आत्ताच चला. अमृतराव पाहुण्याला चहासुद्धा अर्धा कप देणारा माणूस. तो बुंदी वाटतोय म्हणजे प्रलय जवळ आला, एवढं तरी आमच्या टाळक्यात शिरायला हवं होतं. पण आवतण कोंडीबाचं. आम्ही ताट-तांब्या घेऊन धूम ठोकली, अनुसयाबाईला नातवांनी खाटेसकट उचललं.

वर पंगती धरल्या, पण वाढपी दिसेना. पोरं ताटं बडवू लागली, तेवढ्यात खालून आवाज आला. ओढा आमच्या गल्लीतून गेला. भिंती, कणग्या, चुली, सगळं घेऊन गेला. माणूस एकही नाही. नामाजीच्या शेळ्या तेवढ्या वाहून गेल्या, आणि शेळ्यांना आवतण नव्हतं हे तो अजून ऐकवतो.

आपण वाचलो हे कळायला आम्हाला वेळ लागला. जेवण नाही हे लगेच कळलं. कोंडीबा मान खाली घालून बसला होता. आपलं आवतण खोटं झालं, एवढंच म्हणाला. आम्ही असले नमुने, की व्हय, झालं, म्हणालो. पुढं गावानं आवतणाचं काम दुसऱ्याला दिलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

दोन वर्षांनी त्याच्या नातीचं, दीपमालेचं, लग्न निघालं. आवतण द्यायला तो स्वतः फिरला, पण ‘चूलबंद’ म्हणायला त्याची जीभ रेटेना. नुसतं या म्हणाला. लग्नादिवशी मांडवाच्या तोंडाशी उभा राहून कोण येतंय ते बघत होता. सगळा काठ आला, पण प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. आम्ही पंगतीत बसून फडकी सोडली, तसा त्याचा चेहरा उतरला.

अनुसयाबाईनं त्याला जवळ बोलावलं. “तुझ्या आवतनाला भाकर बांधून यावं लागतंय, कोंडीबा,” ती म्हणाली. “पर न्हाई येऊन जमतंय का?”

मग तिनं आपली भाकरी परत फडक्यात बांधली आणि रिकामं ताट त्याच्यापुढं केलं. “वाढ आता.”