बॉल आत होता!

आमच्या सोसायटीत पिकलबॉलच्या कोर्टावर कसं वागावं, याचे नियम मी लिहिले आणि ते मोडणारी पहिली व्यक्तीही मीच.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना रिकामं बसवत नाही, तसं मलाही बसवलं नाही. ठाकुर्लीतल्या आमच्या सोसायटीने टेनिसच्या या धाकट्या भावासाठी शेजारीशेजारी दोन कोर्टं आखली आणि महिन्याभरात तिथे रोज भांडणं व्हायला लागली. कोणी कोर्ट सोडायलाच तयार नाही, कोणी खेळ चालू असताना मधूनच चाललाय! शेवटी मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बॉलबद्दल शंका असेल तर पॉइंट समोरच्यांना द्यावा. चालू खेळात दुसऱ्यांच्या कोर्टातून जाऊ नये. आवाज चढवू नये.' खाली सही. (सही करायला नको होती, हे आता कळतंय.)

मग रविवारी सकाळी स्पर्धेची फायनल आली. एका बाजूला मी आणि माझी सून मुग्धा. लग्नाला सहाच महिने झालेले, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारखं गोड बोलत होतो. समोर ठमाबाई आणि त्यांची लेक. ठमाबाई इथल्याच. आमच्या इमारती उभ्या आहेत ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. वय बासष्ट, साडी खोचलेली, पायात बूट आणि हातात असा जोर की बॉल शिट्टी वाजवत यायचा!

स्कोअर त्यांचे दहा, आमचे नऊ. सर्व्हिस त्यांची. एक पॉइंट गेला की संपलं. कठड्यावर अर्धी सोसायटी श्वास रोखून बसलेली, आणि त्यांच्यात माझा मुलगा निखिल, आईला चिअर करू की बायकोला या विवंचनेत.

ठमाबाईंनी एक बॉल माझ्या डाव्या बाजूला जोरात मारला. मी वळले. बॉल पडला. कुठे पडला ते मी स्वच्छ पाहिलं आणि माझ्या तोंडातून शब्द आला,

"बाहेर!"

ठमाबाईंनी क्षणभर त्या जागेकडे पाहिलं. (त्या जागेवर त्यांनी उमेदीची वीस वर्षं भात लावला होता आणि मी त्यांना हद्द शिकवत होते!)

"भायेर तं भायेर, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या आणि बॉल माझ्याकडे टाकला.

तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला. "आई... बॉल आत होता."

मी मुग्धाकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

"नीट आठव, मुग्धा."

"आठवलं, आई. लाइनीवर पडला. आतच होता."

"तू कोणाच्या बाजूने खेळतेयस?"

"तुमच्याच. पण बॉल आत होता ना!"

पहिल्यांदाच तिने मला उलट उत्तर दिलं होतं, आणि तेही तीस-चाळीस माणसांसमोर! माझा आवाज चढला. "निखिल! तू समोरच बसला होतास. सांग, आत का बाहेर?"

निखिलचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"माझ्या... माझ्या डोळ्यात काहीतरी गेलेलं."

"दोन्ही डोळ्यांत?" मागून कोणीतरी विचारलं. सगळी सोसायटी हसली. मी सोडून. आणि मुग्धा सोडून. तिचे डोळे भरले होते.

आता तिथे थांबणं शक्य नव्हतं. मी हातातलं पॅडल खाली टेकवलं आणि ताठ मानेने निघाले, ती थेट शेजारच्या कोर्टातून! तिथे सावंतकाकांचा खेळ रंगात आलेला. उंच गेलेल्या बॉलवर नजर ठेवून ते उलट्या पावलांनी मागे येत होते, मी समोर बघत रागाने पुढे जात होते. दिवाळीत गुडघ्याचं ऑपरेशन झालेले ते एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ माझ्यावर आदळले आणि आम्ही दोघं धाडकन खाली!

काका हलेनात. डोळे मिटलेले. त्यांच्या पत्नी वरच्या बाल्कनीतून "अहो! अहो!" करत होत्या. एका खोट्या पॉइंटपायी मी माणूस मारला!

काकांनी एक डोळा उघडला. "बॉल आत पडला की बाहेर?"

"आत, आत! तुमचाच पॉइंट!" मी किंचाळले. त्या क्षणी मी त्यांना अख्खा सामना देऊन टाकला असता.

काका टुणकन उठले. मी उठायला गेले आणि पायातून अशी कळ आली की पुन्हा बसले. पहिली धावत आली ती मुग्धा.

आम्ही डोंबिवलीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे निघालो. निखिल समोर बघून गाडी चालवत होता. मागे माझा सुजलेला पाय मुग्धाच्या मांडीवर. खड्डा आला की ती तो दोन्ही हातांनी अलगद उचलून धरायची.

"कसं झालं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"खेळताना मुरगळला," मुग्धाने पटकन सांगितलं. मला सांभाळून घेत होती पोरगी! मला राहवेना.

"बॉल आत होता," मी म्हणाले.

"कुठला बॉल?" डॉक्टर एक्स-रे पुन्हा निरखून पाहायला लागले.

मुग्धा आधी हसली, मग रडली. "मला वाटलं, तुम्ही आता माझ्याशी कधी बोलणारच नाही."

"अगं, पाय मोडलाय. तुझ्याशी नाही बोलले तर दुखतंय ते सांगू कोणाला?"

संध्याकाळी ठमाबाई तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या. मी हात जोडले. "ठमाबाई, चुकले. बॉल आत होता."

"मना दिसला व्हता ना! पन तुमी मास्तरीन. चारचौघांत तुमाला खोटी कशी पारू?"

एवढी लाज मला त्या अख्ख्या कोर्टावर वाटली नव्हती.

आता सहा आठवडे प्लास्टर. स्वयंपाकघर मुग्धाच्या ताब्यात. काल तिने भेंडीची भाजी केली, पुढ्यात ठेवली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. "आई, खरं खरं सांगा हं. कशी झालीय?"

मी घास घेतला. मिठाचा पत्ता नव्हता. निखिल भिंतीकडे बघत मुकाट्याने जेवत होता.

"फर्स्ट क्लास!" मी म्हणाले.

काय करणार? पायाबरोबर माझा खरेपणाही सध्या प्लास्टरमध्ये आहे!