मावशीच्या हिरव्या बांगड्या

आरशाला माझ्या मावशीने जितकं राबवलं, तितकं अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात कोणी राबवलं नसेल. दूध आणायला निघताना आरसा, दूध उतू गेल्यावर आरसा, आणि मयताला जातानाही पदर सारखा करून बघणार. कोणी हटकलं तर म्हणणार, "मरेल मानूस काय देखी? पन बाकीना देखतीन ना."

काका गेले त्याला वर्ष होतं न होतं तोच तिने हिरव्या बांगड्या भरल्या. खांडबाऱ्याच्या बाजारात बसणारी बांगडीवाली खाला तिची जिवाभावाची मैत्रीण. भरून झाल्या की मावशी विचारायची, "बरी दिसस ना मी?" खाला सुपारी चघळत म्हणायची, "लाखों में एक, बहन."

बाजार उठला की खाला टोपली घेऊन ओट्यावर यायची आणि मावशी तिला एक पुठ्ठा गेलेली जुनी कादंबरी वाचून दाखवायची. त्यातल्या देखण्या सरदारपुत्राला एक गोडबोल्या मित्र उठता-बसता त्याच्या रूपाचं कौतुक ऐकवतो. गडी इतका चढतो, की दारात आलेल्या आईला ओळखही देत नाही. सगळं बुडाल्यावर मात्र गळा काढतो, मला मित्राने बिघडवलं. या पानावर मावशी दर वेळी पुस्तक आपटायची. "मित्रनी सांगं, पन आरसाफुढे उभा कोन ऱ्हायना?"

पुतण्याचं लग्न ठरलं. हा पोरगा मावशीच्याच मांडीवर वाढलेला. त्याचा बाप, म्हणजे मावशीचा धाकटा दीर, बाजार उठल्यावर, खाला बसलेली असतानाच, ओट्यावर येऊन म्हणाला, "वहिनी, त्या बाईनी तुम्हले बिघाडं, इतलं कबूल करा. बांगड्या काढा नि लगीनले या."

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. खाला टोपली उचलायला लागली. मावशीने तिला हाताला धरून परत खाली बसवलं. "तिन्ही काय मन्हा हात बांधी ठेयेल व्हता? मीच हात फुढे कया. हाउस मन्ही शे."

लग्नाचं बोलावणं आलं नाही. वरात दारावरून गेली, तेव्हा ती नटूनथटून ओट्यावर उभी राहिली आणि हिरव्या हातांनी नवरदेवावर अक्षता टाकल्या. तो बापाच्या धाकाने मान खाली घालून पुढे गेला. मला त्या दिराचा तेव्हा संताप आला होता, तो अजून उतरलेला नाही.

मागच्या थंडीत खाला गेली. दुसऱ्या कोणाच्या हातून मावशी बांगड्या भरून घेत नाही. भांडी घासताना एकेक वाढत गेली, आता डाव्या हातात एकच राहिली आहे, म्हणून ती डावा हात लांब धरून उजव्यानेच भांडी घासते. परवा गेलो तेव्हा आरशासमोर होती. मला म्हणाली, "बरी दिसस ना मी?"

मी म्हटलं, "लाखात एक."

तिचं लक्ष नव्हतं. बाजार उठायची वेळ झाली होती, आणि ती ओट्याकडे बघत होती.